बाळारामच्या जीपचा आवाज

माझ्या गॅरेजसमोर एक गतिरोधक आहे. तो कुणी बांधला, कुणाच्या सांगण्यावरून बांधला, कुणालाच माहीत नाही. एके दिवशी सकाळी गॅरेज उघडायला आलो तर होता. शहापूरहून शेणव्याच्या बाजूला जाणारी प्रत्येक गाडी तिथे ब्रेक मारते आणि मी आत बसल्या बसल्या ऐकतो. कुणाचे पॅड संपत आलेत, कुणाच्या ड्रममध्ये धूळ साठली आहे, कोण माझ्याशी बेइमानी करून दुसऱ्या मिस्त्रीकडे जाऊन आला आहे, सगळं कळतं. त्या गतिरोधकाने मला तीस वर्षांत जेवढी गिऱ्हाइकं दिली तेवढे सासुरवाडीने आंबेसुद्धा दिले नाहीत.

आता गॅरेज पुतण्या बघतो आणि मी खुर्चीत बसून चुका काढतो. तेव्हा दिवाळी अंकवाले आले आणि म्हणाले, मिस्त्री, तुमचे अनुभव लिहा, इंजिनाचं वगैरे लिहा, लोकांना आवडतं. मी म्हटलं, इंजिनाचं लिहिणारे पुष्कळ मिळतील, मी ब्रेकवाला आहे. त्यांचा चेहरा जरा पडला. तो पडणारच. बंद पडलेलं इंजिन सुरू केलं की मालक पेढे आणतो. ब्रेक दुरुस्त केला की काय होतं? काहीच होत नाही. काही न होणं हेच आमचं काम, आणि न झालेल्या गोष्टीचे पेढे कोण वाटतो? नवीन गाडी घेतलेला माणूस पिकअप सांगतो, अ‍ॅव्हरेज सांगतो, एसी सांगतो. आमची गाडी थांबते किती छान, असं सांगणारा मला आजवर भेटलेला नाही.

ज्यांनी कधी चाकाच्या आत डोकावलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. चाकाबरोबर एक लोखंडी ताटली फिरत असते, तिला डिस्क म्हणतात. पेडल दाबलं की दोन्ही बाजूंनी दोन पॅड तिला चिमटीत धरतात, सांडशीने पातेलं धरावं तसे. पॅड झिजण्यासाठीच जन्माला आलेला असतो. तो झिजतो म्हणून तुम्ही थांबता. आता आवाज. सकाळी पहिल्या दोन-तीन ब्रेकला थोडी खर्रखर्र झाली तर घाबरू नये, रात्रीच्या दमटपणाने डिस्कवर गंज धरतो तो निघून जातो. पण बारीक, कानात शिरणारी किंचाळी येऊ लागली तर गॅरेजला यावं. पॅडला पत्र्याची एक छोटी जिभली मुद्दाम बसवलेली असते. पॅड संपत आला की ती जिभली डिस्कला घासते आणि ओरडते. आणि जात्यात खडा सापडल्यासारखी खरखर आली तर गॅरेजलासुद्धा येऊ नये, गाडी आहे तिथे उभी करून आम्हाला बोलवावं. तेव्हा पॅड संपलेला असतो आणि लोखंड लोखंडाला खात असतं.

हे एवढंच शास्त्र आहे. पण आमच्याकडच्या माणसाला किंचाळणारी वस्तू दिसली की एकच औषध सुचतं, तेल. बैलगाडीचा आख ओरडला, घाल वंगण. विहिरीची कप्पी कुरकुरली, घाल तेल. एका निवृत्त ग्रामसेवकाने अशीच आपल्या नव्या मोटारीच्या चारही चाकांत वाटीभर करंजेल सोडलं. आवाज गेला. दुसऱ्या दिवशी गाडीही गेली, अंगणातून थेट गोठ्यात. म्हैस वेळेवर उठून बाजूला झाली म्हणून वाचली. मी चाकं उघडून पॅड पुसत बसलो होतो, तर हे गृहस्थ कमरेवर हात ठेवून मला विचारतात, पण आवाज तर गेला होता ना?

दुसरी जात शहरातल्या साहेबांची. शनिवार-रविवारी सिद्धगडला निघालेले असतात. त्यांच्या गाडीचा आवाज गॅरेजच्या दारात आला की बंद होतो, डॉक्टरच्या दारात पोराचा ताप उतरावा तसा. म्हणून हल्ली ते मोबाइलवर आवाज भरून आणतात. एका साहेबांनी मला चार मिनिटांचं रेकॉर्डिंग ऐकवलं. त्यात तीन मिनिटं त्यांच्या बायकोचा आवाज होता, गाडी आताच्या आता दाखवून घ्या म्हणून. मी साहेबांना म्हटलं, मला रोग कळला, बाईंचं बरोबर आहे.

पण ज्या गाडीने मला माझी अक्कल दाखवली ती बाळारामची जीप.

बाळाराम म्हणजे रोज सकाळी खेड्यापाड्यांतून माणसं भरून शहापूरला आणणारा आणि दुपारी त्यांना परत नेऊन सोडणारा. उंच, काटकुळा, तोंडात कायम काडी. जीपला त्याने पुढून हार, मागून लिंबू-मिरची आणि आतून जितकी मावतील तितकी माणसं लावलेली. श्रावणात एकदा ती जीप माझ्या गतिरोधकावर किंचाळली. मी हात करून त्याला थांबवलं आणि सांगितलं, पॅड बदल. तो म्हणाला, किती दिवस काढतील? त्या दिवशी माझ्यासमोर तीन गाड्या उघड्या पडल्या होत्या. मी घाईत म्हणालो, "ओरडतोय तोवर आहे थोडा जीव. ये आठवड्यात."

हे वाक्य मी तीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो. त्यातला 'आठवड्यात' हा शब्द बाळारामने माझ्या गॅरेजच्या दारातच टाकला आणि बाकीचं वाक्य घेऊन गेला. दिवाळीपर्यंत तो आला नाही. रोज दोनदा गतिरोधकावर किंचाळायचा आणि माझ्याकडे बघून हात करायचा, म्हणजे बघा मिस्त्री, अजून जीव आहे. दिवाळीनंतर मीच एकदा आडवा उभा राहिलो, माणसं उतरवली, पुढचे दोन्ही पॅड बदलले, डिस्क साफ केली आणि जीप हातात दिली. लोण्यासारखी थांबत होती. जुने पॅड बाळारामने मागून घेतले. आमच्याकडे जुना भाग गिऱ्हाइकाला परत द्यायची पद्धत आहे. त्याशिवाय आपण नवा बसवला यावर कुणाचा विश्वास बसत नाही, आणि घरात लोखंड कधी वाया जात नाही.

चार दिवसांनी बाळाराम परत आला. तोंडात काडी नव्हती, म्हणजे मामला गंभीर. म्हणाला, मिस्त्री, आवाज परत लावून द्या.

मला वाटलं मस्करी करतोय. माझ्या आयुष्यात आवाज काढायला हजारो माणसं आली, आवाज घालायला आलेला हा पहिलाच. मग त्याने सांगितलं ते असं. त्याच्या वाटेवर टेपाचा पाडा आहे. वस्ती वर टेकाडावर आणि रस्ता खाली, पायवाटेने दहा मिनिटं. जीपला वेळ असा नाहीच, भरेल तेव्हा निघते. म्हणून वर्षानुवर्षं पाड्याची माणसं खाली येऊन तासतासभर उन्हात उभी राहायची. पण श्रावणापासून जीप वरच्या खिंडीतून उतरू लागली की जी किंचाळायची, ती पार पाड्यावर ऐकू जायची. माणसं चुलीवरचं उतरवायची, टोपल्या उचलायची आणि आरामात खाली यायची. जीप वाटेत दोन ठिकाणी थांबत खाली येईपर्यंत सगळे हजर. तीन महिन्यांत पाड्याला अशी सवय लागली की उन्हात उभं राहणं कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. आणि मी पॅड बदलल्यापासून जीप मुकाट येत होती, रिकामी थांब्यावरून जात होती, आणि मागून येणारी दुसरी गाडी माणसं उचलून नेत होती.

मी म्हटलं, हॉर्न मार. तो म्हणाला, मुरबाडकडचे खडीचे डंपर दिवसभर हॉर्न मारतात, त्यात माझा कोण ओळखणार? मी म्हटलं, वेळ ठरव. हे ऐकून तो असा बघू लागला जसं मी त्याला जीप विकून कीर्तन कर म्हणून सांगितलं. मी साफ नाही म्हणालो. ब्रेक ओरडायला लावायचा म्हणजे ब्रेक संपवायचा. मला ते जमणार नाही.

दुसऱ्या दिवशी पाडाच आला. पाच-सहा माणसं आणि पुढे जानकीबाय. जानकीबाय ही शहापूरच्या बाजारात भाजी विकते, उन्हाळ्यात करवंदं, पावसाळ्यात रानभाज्या. वय साठीच्या पुढे, अंगात हाडं जास्त आणि मांस कमी, आणि जीभ डिस्कला घासणाऱ्या जिभलीपेक्षा धारदार. कालच तिची जीप चुकली होती आणि टोपलीभर कोथिंबीर मान टाकून बसली होती. ती गतिरोधकावर टोपली ठेवून म्हणाली, "मिस्त्री, आमची गाडी तुमी मुकी केलीत. बोलत व्हती ती बरी व्हती."

मी त्यांना सांगायला गेलो, पण गॅरेजमध्ये गिऱ्हाइकं, हातात ग्रीस, आणि खरं सांगायचं तर मला रागही आला होता. इतकी वर्षं ब्रेकची सेवा केली आणि चांगला ब्रेक केला म्हणून माणसं भांडायला येतात. मी म्हणालो, मी माझं काम चोख केलंय, तुम्हाला बँड लागत असेल तर बँडवाला बघा. ते निघून गेले. ही माझी चूक. तेव्हा पाच मिनिटं खाली बसून जुना पॅड हातात देऊन समजावलं असतं तर पुढचं टळलं असतं. पण कारागिराला काम समजावून सांगायची लाज का वाटते कुणास ठाऊक. आपलं काम म्हणजे मंत्र, तो बोलून दाखवला की उतरतो, असं वाटतं.

आठ दिवसांनी दुपारी जीप गतिरोधकावर पुन्हा किंचाळली. बाळारामने माझ्याकडे बघितलं नाही. मला कळलं, पठ्ठ्याने जुने पॅड स्वतःच परत बसवले. आमच्याकडचे ड्रायव्हर अर्धे मिस्त्री असतात, आणि धोका या अर्ध्याच मिस्त्रींचा. मी दोनदा आडवा उभा राहिलो. दोन्ही वेळा त्याने मला वळसा घातला आणि आतल्या माणसांनी मला रामराम केला.

मग मार्गशीर्षातल्या एका दुपारी, बाजार करून जीप परत निघालेली, आत-बाहेर मिळून चौदा माणसं, त्यातले तिघे मागच्या फळीवर उभे, गतिरोधक आला आणि किंचाळी आलीच नाही. खरखर आली. जात्यात खडा.

पाडा येण्याआधी रस्ता ओहोळाकडे चांगला उतरतो. मी होतो तसा, हातात पाना, स्कूटरवर बसलो आणि मागे लागलो. शेणव्याच्या अलीकडे जीप गाठली. मी हॉर्न वाजवतोय, हात करतोय, ब्रेक, ब्रेक म्हणून ओरडतोय. मागच्या फळीवरच्या तिघांनी मला बघितलं, आपसात काही बोलले, आणि मग त्यातला एक हात हलवत मोठ्याने म्हणाला, "फुल हाय मिस्त्री. मागची बघा."

मी स्कूटरवर आहे हे कुणाच्याही लक्षात आलं नाही. जीपच्या मागे जो धावतो त्याला जागाच हवी असते, हे त्यांच्या डोक्यात पक्कं. मी आणखी जवळ गेलो, पाना दाखवला. तेव्हा त्यांना वाटलं मी गॅरेजवरचं भांडण काढायला आलोय, आणि आतून कुणीतरी बाळारामला जोरात चल म्हणून सांगितलं. माझ्या ब्रेकच्या प्रेमाने मी त्या जीपचा वेग वाढवला, हे मी आजवर घराबाहेर कुणाला सांगितलं नव्हतं.

उतार लागला. बाळारामने पेडल दाबलं आणि ते तळाला गेलं. पॅड इतका झिजला की त्याला ढकलणारा पिस्टन जागेच्या बाहेर सरकतो आणि ब्रेकचं तेल तिथून निघून जातं. पुढचे ब्रेक मेले की मागचे एकटे चौदा माणसांना किती धरणार? पण बाळाराम अर्धा मिस्त्री असला तरी पुरा ड्रायव्हर होता. त्याने गिअर खाली ओढला, हँडब्रेक ताणला, आणि ओहोळाच्या पुलाकडे न जाता जीप डावीकडे शेतात घातली. भात झोडून झालेलं होतं. शेतात पेंढ्याची भलीमोठी उडवी रचून ठेवलेली होती. जीप तिच्यात बोनेटपासून हारापर्यंत आणि हारापासून आरशांपर्यंत शिरली आणि थांबली. इतकी मऊ थांबली की माझ्या हातचे नवे पॅडसुद्धा तिला तसं थांबवू शकले नसते.

मी स्कूटर टाकून धावलो. एकेक माणूस पेंढा झटकत बाहेर येत होता. मी मोजत होतो, आणि चौदा भरले तेव्हा मला बांधावर बसावं लागलं. कुणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. सगळ्यात शेवटी एक म्हातारबुवा उतरले, त्यांनी उडवीभोवती एक फेरी मारली आणि दुःखाने जाहीर केलं की ही उडवी त्यांचीच. आयुष्यात पहिल्यांदा जीपने त्यांना अगदी शेतात आणून सोडलं होतं.

बाळाराम स्टीअरिंगवर डोकं ठेवून रडत होता. पाना हातात होताच. जॅक लावला, चाक काढलं आणि पॅड बाहेर ओढले. गरम होते, पेंढ्यापासून लांब नेऊन ठेवले. निवल्यावर सगळ्यांना दाखवले. पॅडवर पॅड राहिलाच नव्हता, मागची लोखंडी पट्टी चांदीसारखी चकाकत होती. मग मी बांधावर बसून आधी सांगायचं ते सगळं सांगितलं. जिभली कशाला असते, ती केव्हा घासते, का ओरडते. माणसं पेंढ्यावर बसून ऐकत होती.

जानकीबाय पॅड हातात घेऊन बराच वेळ बघत होती. जिभलीवर बोट फिरवत म्हणाली, "म्हंजे हा बोंबलत व्हता, मी मेलो, मी मेलो. नि आमी टोपल्या उचलत व्हतो."

मी म्हटलं, तसंच.

सगळे हसले. मीही हसलो. इतका वेळ पोटात धरून ठेवलेली भीती त्या हसण्यातून बाहेर पडत होती. जानकीबाय हसली नाही. ती पॅडकडेच बघत होती. मग कुणाला उद्देशून नाही अशी बोलू लागली.

"आमचे घरधनी रातचे कामावरनं येताना खोकायचे. पार ओहोळापासनं आयकू यायचं. खोकला आला की मी तवा ठेवायची. आले, म्हनायची. तीन वरसं तवा ठेवला मी."

तिचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती, हे सगळ्यांना ठाऊक होतं. कशाने गेले हेही. कुणी हसत नव्हतं. बाळाराम तिच्याजवळ जाऊन उभा राहिला. तिने त्याच्या डोक्यातला पेंढा काढला आणि म्हणाली, उद्यापासनं आठला ये, आमी उभी राहू.

तेव्हापासून बाळारामची जीप पाड्यावर आठला येते. म्हणजे साडेआठला येते. पण साडेआठ हाही एक टाइमच आहे, आणि त्या रस्त्यावर जीपला टाइम असणं हीच मोठी क्रांती. पॅड मी वेळेवर बदलतो. जुने पॅड मात्र आता त्याला परत देत नाही, त्यावरून तो अजून माझ्यावर संशय घेतो.

त्या दिवशी मी घरी आलो तो अंगभर पेंढा घेऊन. सुमनला, म्हणजे बायकोला, सगळं सांगितलं. उडवीपाशी ती खूप हसली, जानकीबायपाशी तिने ताटं घेतली. मग आम्ही जेवलो आणि झोपलो.

पहाटे नेहमीसारखी जाग आली. आमच्याकडे गजर लावत नाहीत. सुमन उठते तेव्हा खाटेच्या कडेला बसून गुडघ्यावर हात ठेवते आणि "आई गं" म्हणते. त्या आवाजाला मी जागा होतो. अंगावरून गोधडी काढतो, चूळ भरतो, आणि खुर्चीत जाऊन बसेपर्यंत चहा येतो. किती वर्षं असं चाललं होतं, मला सांगता येईना. चारपाच तरी असतील. गतिरोधकावरून जाणाऱ्या परक्याच्या गाडीचा पॅड किती उरलाय हे मी आतून सांगत होतो, लोक माझ्या कानाची तारीफ करत होते आणि मी ती करून घेत होतो.

मी अंथरुणातच बसून राहिलो. ती भिंतीला धरून उभी राहिली तेव्हा म्हटलं, "सुमन, गुडघे दुखतात का गं?"

ती वळली आणि अंधारातच माझ्याकडे बघू लागली. मला वाटलं, डोळे भरून येतील वगैरे. शहापूरच्या डॉक्टरकडे आजच जाऊ, गॅरेज बंद ठेवतो, असं मी घाईघाईने सांगून टाकलं.

ती म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला ऐकू येत नाही. पण चहाच्या वेळेला बरोबर उठत होता."